कुंडीवर झाडाचं नाव लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांवर पानभर मजकूर आला होता. छायाचित्रात सात कुंड्या होत्या आणि खाली एकच ओळ : ‘सक्युलंट्स. आठवड्यातून एकदा पाणी पुरे.’ लेख आपुलकीनं लिहिलेला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सातांपैकी पाच झाडं मी ओळखते. स्नेक प्लांट, एकेव्हेरिया, अडेनियम, हॉवर्थिया आणि यूफोर्बिया. पाचही वेगवेगळ्या कुळांतली आहेत. त्यांतल्या एकाचा चीक डोळ्याला इजा करतो, दुसऱ्याचा पोटात गेला तर हृदयावर परिणाम होतो. एकाला कडक ऊन लागतं, दुसरं त्याच उन्हात करपतं. या सगळ्यांना मिळून एक नाव आणि पाण्याचा एक वार ठरवून देणं मला मान्य नाही. का मान्य नाही, त्यासाठी आमच्या घरात घडलेलं आधी सांगते.

गेल्या वर्षी माझा भाचा काही महिने आमच्याकडे राहायला होता. एका संध्याकाळी त्यानं गॅलरीतली उंच कुंडी आत घ्यायला म्हणून उचलली, ती दाराच्या चौकटीला लागली आणि झाडाची एक फांदी मोडली. फांदीतून दुधासारखा चीक गळून त्याच्या हातावर आला. त्यानं हात पँटला पुसले, कुंडी ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसता पुसता डावा डोळाही चोळला. पहिली दहा मिनिटं नुसती चुरचुर होती. तासाभरात डोळा उघडेना, पाण्याच्या धारा लागल्या, उजेड सोसवेना. नेत्रतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “कोणतं झाड होतं?” कुंडीत खोचलेल्या पट्टीवर ‘कॅक्टस’ असं छापलेलं होतं. मी तेच सांगितलं. मग त्या साहजिकच डोळ्यात काटा किंवा कूस कुठे अडकली आहे का, ते शोधत राहिल्या. फरशीवरचे पांढरे थेंब पुसताना फडकं चिकट झालं होतं, हे मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. मी म्हणाले, “डॉक्टर, पांढरा चीक आला होता.” त्यांनी लगेच डोळा पुन्हा भरपूर धुतला, औषधं सुरू केली आणि बजावलं, की उद्या त्रास वाढेल, घाबरू नका, पण रोज दाखवायला या. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, मग उतरत गेलं आणि दहाव्या दिवशी त्याला नीट दिसू लागलं.

ते झाड कॅक्टस नव्हतंच. ते यूफोर्बिया ट्रायगोना होतं.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. नाव नसलेली रक्ताची नळी आली तर आम्ही ती परत पाठवत असू, मग पाठवणारा कितीही मोठा असो. चुकीच्या नावाची नळी त्याहून वाईट, कारण नाव नसलं की माणूस निदान विचारतो. अशी शिस्त आयुष्यभर पाळून मी स्वतःच्या गॅलरीत चाळीसेक कुंड्या ‘सक्युलंट’ आणि ‘कॅक्टस’ या दोन शब्दांवर सांभाळत होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यानंतरचं वर्ष मी प्रत्येक झाडाची ओळख पटवण्यात घालवलं. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून हे पत्र.

सक्युलंट हे कुळाचं नाव नाही, ती राहणी आहे. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून कोरड्या दिवसांत तग धरण्याची. ही राहणी वनस्पतींच्या कितीतरी कुळांत आपापली, स्वतंत्रपणे आली. म्हणून एकमेकांशी काडीचंही नातं नसलेली झाडं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. याचं सर्वांत चकित करणारं उदाहरण म्हणजे यूफोर्बिया ओबेसा आणि अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस. दोन्ही चेंडूसारखी गोल, दोन्ही बिनकाट्यांची, दोघांनाही बहुधा आठ फाका. पहिलं दक्षिण आफ्रिकेतलं, दुसरं मेक्सिको आणि टेक्सासमधलं. शेजारी ठेवली तर नवखा माणूस दोन्हींना कॅक्टस म्हणेल, पण कॅक्टस फक्त दुसरं.

आपल्या मराठीतही हा घोळ आहेच. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडातला. त्रिधारी निवडुंग हा यूफोर्बिया, शेराचा भाऊबंद. शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं, पण शोभेच्या कुंडीतलं नाजूक झाड त्याच घराण्यातलं आहे हे त्यांनाही सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

मग ओळखायचं कसं? पुष्कळ जण सांगतात, की टोचून बघा, पांढरा चीक आला तर यूफोर्बिया. हे करू नका. एक तर तो चीक अंगावर घेण्यात शहाणपण नाही, आणि दुसरं म्हणजे काही मॅमिलारिया जातींच्या खऱ्या कॅक्टसलाही पांढरा चीक असतो. खूण काट्याच्या बुडाशी शोधायची. कॅक्टसचा काटा थेट सालीतून निघत नाही. तिथं कापसासारखी किंवा लोकरीसारखी एक बारीक गादी असते आणि काट्यांचा झुबका त्या गादीतून येतो. फूल तिथूनच येतं, नवी फांदीही तिथूनच. बिनकाट्यांच्या कॅक्टसवरसुद्धा या गाद्या असतात, अ‍ॅस्टेरियसवर त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेसारख्या दिसतात. यूफोर्बियाला ही गादी कधीच नसते. ट्रायगोनासारख्या जातींत धारेवर काट्यांची जोडी असते, दोन काटे इकडे-तिकडे फाकलेले, आणि वाढत्या टोकाजवळ लहान हिरवी पानं. मी लॅबमधलं जुनं हातभिंग वापरते, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जवळून फोटो काढून तो मोठा केला तरी पुरतं. माझ्याकडच्या ‘कॅक्टस’ लिहिलेल्या अकरा कुंड्यांपैकी चार यूफोर्बिया निघाल्या.

चीक हाताला लागलाच तर साबणानं धुवा, नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही. डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा, झाडाचा फोटो किंवा नाव सोबत घेऊन. आम्ही धुण्यात वेळ घालवला नाही, थेट निघालो. ती चूक होती.

दुसरी जोडी कोरफड आणि घायपात. ही सुद्धा शोभेची नाही, सुरक्षिततेची बाब आहे. कोरफड समजून घायपाताचं पान कापून त्याचा रस अंगाला चोळला तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी कातडीला आग होते आणि पुरळ उठतं. कोरफडीचं पान मोडलं की आत पारदर्शक गर दिसतो आणि पान सहज तुटतं. घायपाताच्या पानात चिवट धागे असतात, ते तुटता तुटत नाही, आणि बहुतेक जातींत टोकाला टणक सुई असते. शंका असेल तर न लावणं बरं. घायपाताच्या पानांचा झुबका बहुतेक जातींत आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. कोरफड मोठी झाली की वारंवार फुलते.

हॉवर्थियाच्या बाबतीत दुकानांतल्या पट्ट्या इतक्या सरसकट चुकतात, की मला त्याची आता सवय झाली आहे. पानांवर पांढरे पट्टे असलेलं झाड ‘फॅसिएटा’ म्हणून विकलं जातं. पानाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. तिथंही खरखरीत पांढरे दाणे लागले तर ते अ‍ॅटेन्युएटा. फॅसिएटाची आतली बाजू गुळगुळीत असते. यानं काळजी घेण्यात फारसा फरक पडत नाही हे खरं, पण बोट फिरवून झाड ओळखता आलं त्या दिवशी मला झालेला आनंद मी इथं लपवत नाही. जेड म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाबद्दल थोडक्यात : पानं अगदी लहान, खोड तांबूस आणि फांद्या लोंबत्या असतील तर ते बहुधा पोर्टुलाकारिया, खरं जेड म्हणजे क्रॅसुला नाही. ज्यांच्या घरी मांजर किंवा कुत्रा आहे त्यांनी कलांचो आणि अडेनियम ही दोन नावं मात्र पाठच करावीत, दोन्ही प्राण्यांना घातक आहेत. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे, आणि आफ्रिकेत त्याचा रस बाणांना विष म्हणून लावत.

मोबाइलवरच्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपवर मी विसंबत नाही. एकाच एकेव्हेरियाच्या तीन फोटोंना मला तीन नावं मिळाली. कुळापर्यंत पोचायला त्यांचा उपयोग होतो. पुढची खात्री फुलावरून करावी आणि त्यासाठी थांबावं लागलं तर थांबावं.

आता पाण्याचं. या झाडांचा दिवस आपल्यापेक्षा उलटा चालतो हे एकदा लक्षात आलं, की पाण्याबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं आणि ते १८१५ साली छापून आलं. मी पान चाखलं नाही, आणि कुणी चाखूही नये, कारण पानफुटी हा कलांचोच आहे. पण घरी पीएच, म्हणजे आम्लता तपासायच्या पट्ट्या होत्या; त्यांवर आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. पहाटे साडेपाचला एक पान चुरून रस पट्टीवर लावला, तर रंग ४ च्या जवळचा आला. त्याच झाडाचं, त्याच आकाराचं पान संध्याकाळी सहाला तपासलं, तर ५.५ च्या आसपास. तीन दिवस केलं, तिन्ही दिवस तसंच.

कारण असं, की यांतली बहुतेक झाडं पानावरची छिद्रं रात्री उघडतात, गारव्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा छिद्रं बंद करून त्याच साठ्यावर उजेडात अन्न बनवतात. भर उन्हात छिद्रं मिटलेली असल्यामुळे पाणी उडून जात नाही. म्हणजेच मुळांना पाण्याची मागणी फार कमी असते, आणि आपण दर रविवारी ओतलेलं पाणी मुळांभोवती तसंच उभं राहतं. त्या ओल्या, हवा नसलेल्या मातीत मुळं कुजतात. घरातली सक्युलंट मरतात ती बहुतेक अशी, तहानेनं क्वचितच.

पाणी वार बघून घालू नये, कुंडी उचलून घालावं. मी चार कुंड्यांचं वजन महिनाभर लिहून ठेवलं. मातीच्या लहान कुंडीतली एकेव्हेरिया पाचव्या दिवशी कोरडी झाली. तेवढ्याच आकाराच्या प्लास्टिकच्या कुंडीतल्या हॉवर्थियाला सोळा दिवस लागले. आठवड्याच्या नियमानं मी पहिलीला तहानेलं ठेवलं असतं आणि दुसरीला बुडवलं असतं. आता वजनकाटा लागत नाही, कोरड्या कुंडीचा हलकेपणा हाताला कळतो. पाणी घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत भरपूर घालायचं, मग माती पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. फवारा तर नकोच, त्यानं मुळापर्यंत काही पोचत नाही आणि पानांच्या बेचक्यात पाणी साठतं.

झाडही सांगत असतं. तहानलेल्या झाडाची खालची पानं पातळ आणि सुरकुतलेली होतात, पण घट्ट धरून राहतात. जास्त पाण्यानं पान फुगीर, पिवळट, काचेसारखं आरपार दिसू लागतं आणि बोट लागताच गळून पडतं. पहिल्याला पाणी द्यावं. दुसऱ्याला लगेच मातीतून काढून कुजकी मुळं कापावीत, आणि वरचा निरोगी तुकडा जखम सुकेपर्यंत काही दिवस कोरडा ठेवून नव्या मातीत लावावा.

शिवाय ऋतू आहेत. अडेनियम, बहुतेक कॅक्टस आणि यूफोर्बिया उबेत वाढतात, थंडीत झोपतात. एओनियम उलट, ते कडक उन्हाळ्यात मिटून बसतं आणि गारव्यात वाढतं. लिथॉप्सचं तर सगळंच निराळं. विल्यम बर्चेल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८११ साली दक्षिण आफ्रिकेत विचित्र आकाराचा खडा समजून ते उचललं होतं. त्याला पानांची एकच जोडी असते. नवी जोडी आत तयार होते ती जुन्या जोडीतलं पाणी शोषून, आणि त्या काळात बाहेरून पाणी अजिबात द्यायचं नसतं. माझ्याकडच्या लिथॉप्सची जुनी पानं सुरकुतलेली दिसली, मला वाटलं तहानलं, आणि मी पाणी घातलं. चार दिवसांनी त्याचा लगदा झाला. त्याच्या पट्टीवरही ‘सक्युलंट’ एवढंच होतं. लिथॉप्स हे नाव लिहिलेलं असतं तर मी आधी वाचलं असतं.

मातीबद्दल एवढंच, की निम्मा भाग तरी जाडसर हवा. चाळलेली भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे, पर्लाइट, प्युमिस, जे मिळेल ते, बारीक वाळू मात्र नको, ती मातीला घट्ट बसवते. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घातला की निचरा होतो, असं आपल्या लेखातही होतं. तसं होत नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते, ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, आणि ओला थर उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. खडे काढून तेवढी चांगली माती भरावी, आणि कुंडीला भोक असावंच. बंद काचेच्या बरणीत ही झाडं लावणं मला बघवत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. लॅबमध्ये सुई टोचण्याआधी कातडी पुसायला वापरतात ते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीनं नेमकं त्या किड्यावर लावावं, कडक उन्हात नाही, आणि आठवड्यानं पुन्हा बघावं. एकेव्हेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी मात्र कीड नाही. ते मेणाचं आवरण आहे, उन्हापासून आणि पाण्यापासून संरक्षण करणारं. पुसलं गेलं तर त्या पानावर ते पुन्हा पहिल्यासारखं येत नाही. मी लोकांना ही पानं ओल्या फडक्यानं चमकवताना पाहिलं आहे. कृपा करून थांबा.

आणि विकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जिवंत झाडांना निळा, जांभळा, सोनेरी रंग मारणं आणि कॅक्टसच्या डोक्यावर गरम गोंदानं वाळकी फुलं चिकटवणं बंद करा. रंगानं उजेड अडतो, ज्या छिद्रांतून झाड रात्री श्वास घेतं ती बुजतात. गोंदाखाली वाढीचं टोक भाजतं. लाल किंवा पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ विकताना तरी ती दोन झाडं आहेत हे सांगा. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खोडावर कलम करून जगवलेला असतो आणि बहुधा काही वर्षांत जोडी संपते. विकत घेणाऱ्याला वाटतं, आपल्याच हातून झाड गेलं.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच. यापुढे पुरवणीत झाडांचं छायाचित्र छापाल तेव्हा प्रत्येक झाडाखाली त्याचं नाव छापावं, शक्यतो शास्त्रीय नाव, देवनागरीत चालेल. नाव मिळालं की पाणी, ऊन, विषारीपणा हे वाचक स्वतः शोधून काढतील. आणि पाण्याचा वार छापू नये.

माझ्या सगळ्या कुंड्यांत आता पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. त्यावर मी शिसपेन्सिलीनं लिहिते. लॅबमध्ये काचपट्टीवर नाव पेन्सिलीनंच घालायचो, कारण शाई अल्कोहोलनं धुऊन जाते. मार्करची अक्षरं गॅलरीतल्या उन्हात काही महिन्यांत उडाली, पेन्सिलीची वर्षभर तशीच आहेत. ओळख न पटलेल्या तीन कुंड्यांवर ‘अनोळखी’, आणल्याची तारीख आणि ‘फुलाची वाट’ असं आहे. दाराजवळच्या त्या उंच कुंडीची पट्टी भाच्यानं स्वतः लिहिली : ‘यूफोर्बिया ट्रायगोना. चीक पांढरा. हलवण्याआधी हातमोजे.’

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)